नाव आणि कृत्य : ‘रामासीयाना’ या जुन्या ग्रंथाच्या निमित्ताने

लोधीखेडा हे जाम नदीच्या काठी, नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या मार्गावर वसलेले जुने बाजाराचे गाव आहे. जुन्या गॅझेटियरांत त्याची नोंद तांब्यापितळेची भांडी आणि सुती कापड यांसाठी झालेली आढळते. सौंसर आणि पांढुर्णा या दोन तहसिलींचा मिळून २०२३ साली नवा जिल्हा झाला, त्यात हे गाव मोडते. राज्य मध्य प्रदेश. परंतु घराघरांतून ऐकू येते ती मराठीच. या गावी एका परिचित कुटुंबात प्रार्थनेसाठी आमचे जाणे झाले असता यजमानांनी पवित्र शास्त्राच्या प्रतीत जपून ठेवलेले एक चार पानी पत्रक आमच्या हाती दिले. जगातील सर्व राज्ये, पेढ्या, वृत्तपत्रे आणि मंडळ्यादेखील एका गुप्त संघाच्या मुठीत आहेत, त्या संघाची स्थापना १७७६ साली जर्मनीत झाली, त्याची खूण अमुक, त्याची शपथ तमुक, असा त्यातील मजकूर होता. “पाळकसाहेब, हे खरे काय?” असे त्यांनी विचारले. असे मजकूर भ्रमणध्वनीवर तर रोजच येतात, अशी पुस्ती घरातील तरुण मुलाने जोडली.

त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर तोकडेच होते. ‘इल्युमिनाटी’ नावाचा संघ खरोखर होता. १ मे १७७६ रोजी इंगोलश्टाट येथील विद्यापीठातील प्राध्यापक आडाम वाइसहाउप्ट यांनी तो स्थापिला, आणि बव्हेरियाच्या इलेक्टराने १७८४-८५ साली बंदी घालताच तो मोडला. एवढाच त्याचा इतिहास. त्याची दंतकथा मात्र पुढे वाढली, आणि ती दोन ग्रंथांनी वाढविली. १७९७ साली एडिंबरोचे प्राध्यापक जॉन रॉबिसन यांनी एक ग्रंथ लिहिला. त्याच सुमारास फ्रान्समधून परागंदा झालेले धर्मगुरू बारूएल यांनी आपल्या ग्रंथाचे खंड लंडनमध्ये छापविण्यास आरंभ केला. फ्रेंच राज्यक्रांती ही भुकेने, करांनी वा राजाच्या चुकांनी झाली नसून गुप्त संघांनी आधी ठरवून घडवून आणली, असा दोघांचाही दावा होता. बारूएल हे मूळचे येशूसंघी. ज्या येशूसंघाविरुद्ध १६१४ पासून एक बनावट ‘गुप्त सूचनापत्र’ युरोपभर फिरत होते, आणि जे आमच्या प्रॉटेस्टंट पूर्वजांनी मोठ्या चवीने वाचले, त्याच संघात वाढलेल्या मनुष्याने तेच शस्त्र दुसऱ्यांवर उगारावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. पुढे याच धाटणीचे यहूदी लोकांविरुद्धचे ‘प्रोटोकॉल्स’ १९०३ साली रशियात छापले गेले. १९२१ साली लंडनच्या ‘टाइम्स’ने ते दुसऱ्याच एका पुस्तकावरून चोरून रचलेले आहेत हे उघड केले. तरीही त्या पुस्तकाचा प्रसार थांबला नाही. त्याचे पुढे काय झाले हे वाचकांना सांगावयास नको.

परंतु लोधीखेड्याच्या त्या ओसरीवर बसलो असता आमच्या मनात घोळत होता तो निराळाच ग्रंथ. तो जर्मनीतून आलेला नव्हे. तो याच मुलखातील रस्त्यांवर जन्मला. नागपूर, सिवनी, जबलपूर, सागर, नरसिंहपूर ही त्याची भूमी. १८३६ साली कलकत्त्यास छापलेल्या या ग्रंथाचे नाव ‘रामासीयाना’, आणि कर्ते विल्यम हेन्री स्लीमन. नावापुढील लांबलचक उपशीर्षकात ठगांच्या विशिष्ट भाषेचा हा शब्दसंग्रह आहे असे म्हटले आहे. ठगांची ती बोली म्हणजे ‘रामासी’. त्यावरून ग्रंथाचे नाव. गुप्त संघाविषयीचा असा ग्रंथ आपल्या अंगणात असता जर्मनीतील संघाची चौकशी करीत बसणे हे घरचे सोडून परक्याचे पाहण्यासारखे आहे. शिवाय या ग्रंथाशी आपल्या मंडळीचा संबंध आला आहे, तो कसा हे पुढे सांगावयाचे आहे.

स्लीमन हे बंगाल लष्करातील अधिकारी. १८२२ पासून सुमारे दोन वर्षे त्यांच्याकडे नरसिंहपूर जिल्ह्याचा मुलकी कारभार होता. आपल्या जिल्ह्यात काय चालते ते सर्व आपणास ठाऊक आहे, अशी त्यांची त्या वेळी समजूत होती. पुढे ठग पकडले जाऊ लागले तेव्हा त्यांना कळले की, त्यांच्या कचेरीपासून चारशे यार्डांच्या आत, कंदेली या वस्तीत, ठगांची एक टोळी राहत होती. आणि सागर-भोपाळ रस्त्यावर एका टप्प्याच्या अंतरावरील मुंदेसर गावच्या आमराया हे प्रवाशांना मारून पुरण्याचे मोठे ठिकाण होते. हा प्रसंग त्यांनी स्वतःच ग्रंथात नमूद केला आहे. आमच्या मते या ग्रंथाची किल्ली येथे आहे. जो अधिकारी एके काळी काहीच पाहू शकला नाही, तो नंतर सर्वत्र तेच पाहू लागतो. अज्ञानाची लाज ही भीतीहूनही मोठी प्रेरणा ठरते, आणि अशा लाजेतून लिहिलेल्या पुस्तकात शंकेला फारशी जागा उरत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. ठग ही केवळ इंग्रजांची कल्पना होती, असे आमचे म्हणणे नाही. रस्त्यावरील प्रवाशांशी गोड बोलून मैत्री करावयाची, चार मुक्काम बरोबर काढावयाचे, आणि ठरल्या जागी इशारा होताच गळ्याला रुमालाचा फास लावून सर्वांना मारावयाचे, ही कृत्ये घडली. माफीच्या साक्षीदारांनी दाखविलेल्या जागा खोदल्यावर प्रेते निघाली. १८३० च्या अखेरीस पकडला गेलेला फिरंगिया हा जमादार सरकारी साक्षीदार झाला, आणि ज्या आमराईत स्लीमन यांनी सहकुटुंब तंबू ठोकला होता त्याच आमराईतून त्याने काही वर्षांपूर्वी पुरलेली प्रेते दाखविली. ‘चालीसरूह’ व ‘साठरूह’, म्हणजे चाळीस जिवांचे आणि साठ जिवांचे प्रकरण, अशी नावे ठगांमध्ये काही हत्यांना पडली होती. घरी न परतलेल्या त्या शिपायांची, यात्रेकरूंची आणि हुंडीवाल्यांच्या माणसांची वाट त्यांच्या बायकामुलांनी वर्षानुवर्षे पाहिली असेल. जो इतिहास त्यांना विसरतो तो आमचा इतिहास नव्हे.

प्रश्न वेगळा आहे. खून घडले हे एक. आणि संपूर्ण हिंदुस्थानात पसरलेला, एका देवीला वाहिलेला, एका गुप्त भाषेने बांधलेला, पिढीजात खुन्यांचा एक संघ आहे, हे दुसरे. पहिल्याचा पुरावा जमिनीतून निघाला. दुसऱ्याचा पुरावा कोठून निघाला? तो निघाला सागरच्या तुरुंगातून, माफीच्या साक्षीदारांच्या तोंडून.

‘रामासीयाना’तील सर्वांत वाचनीय भाग म्हणजे स्लीमन आणि हे साक्षीदार यांचे संवाद. त्यांत शुभाशुभ शकुनांची चर्चा आहे. कावळा, कोल्हा, घुबड यांच्या ओरडण्याचे अर्थ आहेत. तेली, लोहार, सुतार अशा काही जातींच्या प्रवाशांना मारू नये असा नियम होता, स्त्रियांना मारू नये असाही होता. ते नियम मोडले म्हणूनच देवीचा कोप झाला आणि आम्ही सापडलो, असे साक्षीदार म्हणतात. ‘सोठा’ म्हणजे गोड बोलून प्रवाशाला जाळ्यात आणणारा, ‘भुरतोट’ म्हणजे फास घालणारा, ‘झिरनी’ म्हणजे इशारा, असे शब्द कोशात येतात. खुनानंतर ‘तपौनी’चा गूळ वाटला जाई, आणि जो एकदा तो गूळ खाई त्याचा स्वभावच पालटून तो कायमचा ठग होई, असे फिरंगियाने सांगितल्याची नोंद आहे. ठगांत मुसलमान पुष्कळ होते. त्यांना स्लीमन पुन्हा पुन्हा विचारतात की, तुमच्या धर्मात देवीला जागा नसता तुम्ही तिला कसे भजता? साक्षीदार कधी एक उत्तर देतात, कधी दुसरे. आपसांतही त्यांचे एकमत होत नाही. लक्षपूर्वक वाचणाऱ्यास असे दिसते की, पुष्कळ ठिकाणी सिद्धान्त प्रश्नातच आहे आणि साक्षीदार त्याला होकार भरतो.

आता या साक्षीदारांची अवस्था पाहावी. त्यांपैकी अनेकांच्या डोक्यावर फाशीची टांगती तलवार होती. सांगण्यासारखे जोपर्यंत शिल्लक आहे तोपर्यंतच त्यांचा उपयोग. ज्याला अधिक नावे ठाऊक, अधिक जागा ठाऊक, अधिक गूढ रिवाज ठाऊक, तो सरकारच्या अधिक कामाचा. अशा मनुष्याने खोटेच सांगितले असे नव्हे. पण त्याने कमी सांगावे असे त्याला वाटण्याचे एकही कारण नव्हते. ऐकणाऱ्यालाही कमी ऐकावयाचे नव्हते. ३ ऑक्टोबर १८३० रोजी कलकत्त्याच्या एका साहित्यिक पत्रात ठग आणि विंध्याचलचे देवीमंदिर यांविषयी एक निनावी पत्र प्रसिद्ध झाले, आणि सरकारने या मोहिमेत लक्ष घातले ते त्यानंतर. ते पत्र स्लीमन यांचेच होते असे इतिहासकार मानतात. मंदिर हे साऱ्या हिंदुस्थानातील ठगांचे केंद्र, ही कल्पना त्या पत्राने रूढ केली.

गेल्या साठसत्तर वर्षांत इतिहासकारांनी हा ग्रंथ नव्याने वाचला आहे. हिरालाल गुप्त यांनी १९५९ साली कंपनीच्या राज्यविस्ताराने माजलेल्या अव्यवस्थेकडे बोट दाखविले. स्ट्युअर्ट गॉर्डन यांनी १९६९ साली माळव्यातील लहानमोठ्या सत्तांच्या घडामोडींच्या संदर्भात ठगांना पाहिले. राधिका सिंघ यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात कायद्याची बाजू तपासली, आणि किम वॅग्नर यांनी २००७ साली मूळ कागदपत्रे पुन्हा वाचून ठग हे खरे होते पण तो धर्मपंथ नव्हता, असा निष्कर्ष काढला. या सर्वांचे एकमत नाही. तरी १८१७-१८ च्या युद्धानंतरचा हा मुलूख डोळ्यांसमोर आणला म्हणजे बरेच उमगते. पेंढाऱ्यांचा पाडाव झालेला, सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांचे राज्य गेलेले, फौजा मोडलेल्या, शिपाई घरी बसलेले, आणि रस्त्यांवर रोख रक्कम व अफू यांची वाहतूक वाढलेली. कित्येक जमीनदार टोळ्यांना आश्रय देत आणि लुटीत वाटा घेत. गुन्हा समजून घेण्यास एवढे पुरेसे आहे; त्यासाठी पाताळातील पंथ लागत नाही.

मात्र सरकारला पंथच हवा होता, कारण पंथ असला की कायदा सोपा होतो. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने असे ठरविले की, जो कोणी ठगांच्या टोळीत होता असे सिद्ध होईल, मग तो हा कायदा होण्यापूर्वी असो वा नंतर, कंपनीच्या मुलखात असो वा बाहेर, त्यास सक्तमजुरीसह जन्मठेप द्यावी. अमुक खून अमुकाने केला हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. ठग म्हणजे कोण याची व्याख्याही कायद्याने केली नाही. ती व्याख्या त्याच वर्षी कलकत्त्यास छापलेल्या एका जाड ग्रंथात होती. ‘कंपनीच्या मुलखाबाहेर’ या शब्दांकडे लोधीखेड्याच्या वाचकाने विशेष लक्ष द्यावे. १८३६ साली हे गाव तिसऱ्या रघूजी भोसल्यांच्या राज्यात होते; नागपूरचे राज्य खालसा झाले ते १८५३ साली राजे वारल्यावर. म्हणजे भोसल्यांच्या या रयतेपैकी एखाद्याचे नाव सागरच्या तुरुंगातील साक्षीदाराने घेतले, तर न पाहिलेल्या मुलखात, न केलेल्या कायद्याखाली, कदाचित न केलेल्या कृत्यासाठी त्याला जन्मठेप होऊ शकत होती.

विषय थोडा दूरचा वाटेल, पण येथे आपल्या मंडळीच्या इतिहासातील एक प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही. इ. स. ११० नंतरच्या एकदोन वर्षांतील गोष्ट. बिथुनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी याच्यापुढे ख्रिस्ती म्हणून पकडलेली माणसे आणण्यात आली. रोमी राज्यकर्त्यांना गुप्त मंडळांची इतकी धास्ती होती की, निकोमेदियात आग लागल्यानंतर प्लिनीने आग विझविणाऱ्या दीडशे माणसांचे एक पथक उभारण्याची परवानगी मागितली, तीही सम्राट त्रायान याने नाकारली. कारण काहीही नाव दिले तरी अशी पथके लवकरच राजकीय मंडळे होतात, असे त्याचे मत होते. मग पहाटे एकत्र जमणारे, ख्रिस्ताचे स्तवन गाणारे, एकमेकांना वचन देऊन बांधून घेणारे हे लोक कोण? ते बालकांचा बळी देतात आणि नव्या शिष्याला त्या पातकात वाटेकरी करून घेतात, अशी वदंता साम्राज्यात होती. मिनुकियुस फेलिक्स याने ती आपल्या ग्रंथात विस्ताराने नोंदविली आहे. दीक्षेचा एक घास माणसाला कायमचा पालटतो, ही कल्पना सागरच्या तुरुंगात प्रथम जन्मली असे नव्हे.

प्लिनीने सम्राटाला पत्र लिहून जे प्रश्न विचारले त्यांतील एक आम्हांस फार मोलाचा वाटतो. शिक्षा ख्रिस्ती या नावालाच करावयाची, की त्या नावाशी जोडलेल्या गुन्ह्यांना? त्याने स्वतः उत्तराची वाट पाहिली नव्हती. नाव सोडण्यास नकार देणाऱ्यांना त्याने आधीच देहान्ताला पाठविले होते. मंडळीत सेवा करणाऱ्या दोन दासींना त्याने यातना देऊन चौकशी केली, आणि त्यातून त्याच्या मते एका अतिरेकी भ्रमाखेरीज काही निघाले नाही. त्याच्याकडे एक निनावी यादीही आली होती. त्रायानचे उत्तर अर्धेमुर्धे आहे. ख्रिस्ती लोकांना शोधून काढू नये, पण आरोप सिद्ध झाल्यास शिक्षा करावी. निनावी कागदांवर मात्र कोणताही खटला चालवू नये, तो आपल्या काळाला न शोभणारा पायंडा होय. नाव की कृत्य, या प्रश्नाचे नीट उत्तर रोमी सम्राटाला देता आले नाही. पण त्याने निनावी कागद नाकारला. १८३० साली कलकत्त्यात तेवढेही झाले नाही.

नावाला शिक्षा देणारा कायदा एकदा झाला की तो एका नावावर थांबत नाही. १८३३ साली सागरहून सात ठगांच्या कवट्या एडिंबरोला पाठविण्यात आल्या. तेथील कपालशास्त्री मंडळाने त्या मोजून त्यांत गुन्हेगारीची लक्षणे शोधली. कवटीत शोधलेली ही लक्षणे पुढे रक्तात आणि जातीत शोधली जाऊ लागली. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. त्याअन्वये जन्माला येतानाच मनुष्य पोलिसांच्या नोंदवहीत जाऊ लागला. गाव सोडावयाचे तर परवाना, ठराविक वेळी हजेरी, आणि कालांतराने काटेरी तारेच्या आतील वसाहत. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी, भामटे अशा किती नावांवर ही पाळी आली हे महाराष्ट्रातील पाळकांना निराळे सांगण्याची गरज नाही. कित्येकांच्या मंडळ्यांत ती घरे आहेत.

येथे आम्हांस सांगावयास जड जाते अशी गोष्ट येते. ठगांच्या कालीपूजेची वर्णने एकोणिसाव्या शतकातील मिशनरी वाङ्मयात मोठ्या आवडीने येत असत. हा देश किती अंधारात आहे याचा तो तयार दाखला होता, आणि वर्गणीदारांवर त्याचा परिणाम होई. साक्षीदार कोण, तो कोणत्या अवस्थेत बोलला, हे आमच्या पूर्वजांनी विचारल्याचे फारसे आढळत नाही. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारने गुन्हेगार जमातींच्या वसाहती चालविण्यास दिल्या तेव्हा त्या घेणाऱ्यांत मुक्तिफौज अग्रभागी होती. तिचे फ्रेडरिक बूथ-टकर यांनी गुन्हेगारी बरी करण्याच्या शास्त्रास एक स्वतंत्र नावच दिले होते. सोलापूर येथील वसाहतीचे काम अमेरिकन मराठी मिशनने पाहिले. त्या कार्यकर्त्यांची सेवा खोटी होती असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्यांनी शाळा काढल्या, दुखणाइतांची शुश्रूषा केली, गिरणीत कामे मिळवून दिली, आणि ज्यांना कोणी उंबऱ्याशी येऊ देत नव्हते त्यांच्या झोपडीत जाऊन ते बसले. पण हजेरीची वहीही त्याच हातांत होती. ज्या मुलाला रविवारच्या शाळेत देवाच्या प्रतिरूपाविषयी शिकविले जाई, त्याचेच नाव जन्मतः गुन्हेगार म्हणून लिहिलेले असे. आणि हे दोन्ही एकाच आवारात कसे चालले, हा प्रश्न त्या काळी थोड्यांनाच पडला.

स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. नोंदवहीतील माणसांनी स्वतः लिहिण्यास त्यानंतरही अवधी लागला. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि पुढील वर्षी त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘रामासीयाना’ ज्यांच्याकडे आहे त्यांनी शेजारी ‘उचल्या’ ठेवावे, अशी आमची शिफारस आहे. एका ग्रंथात प्रश्न अधिकारी विचारतो. दुसऱ्यात विचारणारा बदललेला आहे.

आणखी एका ग्रंथाचा उल्लेख टाळता येत नाही, जरी त्यावर लिहिताना आम्ही तटस्थ नाही हे वाचकांना ठाऊक आहे. एप्रिल १९५४ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने, ज्याची राजधानी नागपूर होती, ख्रिस्ती मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिने ९९ प्रश्नांची प्रश्नावली काढली, जिल्ह्याजिल्ह्यांतून साक्षी घेतल्या, आणि १९५६ साली आपला अहवाल दिला. सदस्यांत वर्ध्याचे प्राध्यापक एस. के. जॉर्ज हे ख्रिस्ती गृहस्थही होते. या अहवालातील सर्व तक्रारी निराधार होत्या असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. शाळा, दवाखाना आणि कर्ज यांचा धर्मान्तराशी नको तो संबंध काही ठिकाणी आला होता, परधर्माविषयी अनुचित भाषा वापरली गेली होती, आणि ते आपण आपल्या बैठकांत मान्यही करीत असतो. त्या कृत्यांची चौकशी योग्यच होती. परंतु अहवाल त्या कृत्यांपाशी थांबला नाही. हे सर्व पाश्चात्त्य प्रभुत्व पुनः प्रस्थापित करण्याच्या एका जागतिक योजनेचा भाग आहे, असे त्याने म्हटले. सौंसर तहसिलीतील एखादा गरीब धर्मशिक्षक, ज्याने सायकलवरून पाच गावे पालथी घालून महिन्याचे थोडेसे मानधन मिळविले, तो अशा रीतीने त्याला ठाऊकही नसलेल्या एका जागतिक मसलतीचा हस्तक ठरला. अहवाल वाचून आमच्या वडीलधाऱ्यांना झालेला क्लेश आम्ही लहानपणी पाहिलेला आहे. त्या क्लेशात कंदेलीच्या किंवा सोलापूरच्या वस्तीची आठवण कोणास झाली असेल असे मात्र वाटत नाही.

पाळक व धर्मशिक्षक यांना गुप्त संघांविषयी विचारले जाते ते बहुधा व्यासपीठावरून नव्हे, तर जेवणानंतर, ओसरीवर. तेथे हसून विषय टाळला तर विचारणाऱ्याची भीती तशीच राहते. आणि होकार भरला तर ती वाढते. जगात गुप्त कट असतात. नाबोथाच्या द्राक्षमळ्यासाठी ईजबेलीने रचला तो कटच होता, आणि तो दोन विकत घेतलेल्या साक्षीदारांनी तडीस गेला. मोशेच्या नियमशास्त्राने एका साक्षीदाराच्या तोंडावर निर्णय करण्यास मनाई केली ती याचसाठी असावी. आणि यशयाच्या आठव्या अध्यायात संदेष्ट्याला मिळालेली ताकीद तर थेट या विषयावर आहे: लोक ज्याला कट म्हणतात त्या प्रत्येकाला कट म्हणू नये, त्यांच्या भयाला भिऊ नये. आहाज राजाच्या काळात यरुशलेमेवर दोन राजे खरोखर चालून येत होते, हे लक्षात घेतले म्हणजे ती ताकीद किती अवघड वेळी दिली गेली हे कळते.

कायद्याच्या पुस्तकातील ठगाचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ३१० ने ‘ठग’ या शब्दाची एकदाची व्याख्या केली आणि ३११ ने जन्मठेप सांगितली. रुमाल कधीच गेला होता, रस्त्यांवर रेल्वे आली, साक्षीदारांची मुले जबलपूरच्या उद्योगशाळेत तंबू आणि गालिचे करू लागली; तरी ती दोन कलमे पुस्तकात राहिली. १ जुलै २०२४ रोजी नवी न्यायसंहिता लागू झाली तेव्हा ती वगळली गेली. म्हणजे ठग हा कायद्यातील गुन्हेगार म्हणून जवळजवळ एकशे अठ्ठ्याऐंशी वर्षे जगला.

लोधीखेड्याचे ते पत्रक आम्ही यजमानांच्या परवानगीने बरोबर आणले आहे. त्यावर मुद्रकाचे नाव नाही, प्रकाशकाचे नाही, लेखकाचेही नाही. आपल्या देशात १८६७ च्या कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचे नाव असावे असा दंडक २०२४ पर्यंत होता. पुढच्या खेपेस त्या ओसरीवर बसू तेव्हा पत्रकातील मजकुराविषयी बोलण्याआधी, ते घरी कोणी आणून दिले आणि त्या मनुष्याने ते कोणाकडून घेतले, एवढेच विचारण्याचे आम्ही ठरविले आहे.